फळ्यावरचे मूत्रपिंड आणि आत्याचे मूत्रपिंड



उत्सर्जन संस्था शिकवताना आपण फळ्यावर काय काढतो? घेवड्याच्या बियांसारखी दोन मूत्रपिंडे, मध्ये महाधमनी आणि दोन्हीकडे एकेक धमनी. मीही इतकी वर्षे हेच काढत आले.

गेल्या वर्षी माझ्या आत्याने आपल्या मुलाला मूत्रपिंड द्यायचे ठरवले. सीटी अँजिओग्राफी झाली आणि कळले, की तिच्या डाव्या मूत्रपिंडाला दोन धमन्या आहेत. बाहेर येऊन ती रडायलाच लागली. "माझ्यातच खोट निघाली गं! आता पोराला कसं देऊ?" मी गप्प. माझ्या फळ्यावर तरी कुठे दुसरी धमनी होती?

डॉक्टरांनी मग नीट समजावले. ही खोट नाही. साधारण २५ ते ३० टक्के माणसांत अशी जादा धमनी असते. गर्भात मूत्रपिंड आधी ओटीपोटात असते, मग वर सरकते. सरकताना ते नव्या धमन्या घेते, जुन्या नाहीशा होतात. एखादी राहून गेली की झाल्या दोन!

पण डॉक्टरांना हे आधी माहीत असावे लागते. आपल्या प्रवरेच्या पाटाच्या चाऱ्या आठवा. एक चारी बंद केली तर तिच्यावरचे वावर सुकते. इथेही तसेच. प्रत्येक धमनी आपापलाच भाग भिजवते, एक बांधली की तो भाग मरतो. खालच्या धमनीवर तर कधी मूत्रवाहिनीही अवलंबून असते. मग उजवे का नको? त्याची शीर आखूड असते, जोडायला अवघड जाते. म्हणून शक्यतो डावेच घेतात.

आत्याचेही डावेच घेतले. दोन्ही धमन्या जोडल्या. ऑपरेशनला वेळ जास्त लागला, पण आज दोघे मायलेक बरे आहेत.

आता मी नेहमीची आकृती काढते आणि शेजारी दोन धमन्यांचीही काढते. परवा एकाने विचारलेच, "बाई, मग पुस्तकातलं चुकलंय का?"

"नाही रे. पुस्तकात बहुतेकांचं असतं ते दाखवतात. आपलं वेगळं निघालं म्हणजे आपण चुकलो, असं नसतं."

तुम्हीही वर्गात, घरी मुलांना हे एवढे जरूर सांगा. उद्या एखाद्या रिपोर्टमध्ये काही वेगळे निघाले, तर ती आत्यासारखी घाबरणार नाहीत.