आत्या नसलेलं बारसं

जुन्या सुती लुगड्याचं दुपटं. दुहेरी घडी, कडेनं धावदोरा, एका कोपऱ्यात काठाची उरलेली पट्टी. थोरल्या नातवासाठी शिवलेलं, मग चुलत, मावस, आते अशा पाच-सहा बाळांखाली फिरलेलं. धुऊन धुऊन इतकं मऊ व्हायचं की कुणाला दिवस राहिले की आधी त्याचीच शोधाशोध होई. आता नवी विकत आणतात. वर्षभरात त्यांचं काम संपतं आणि पुढं द्यायला घरात बाळ नसतं.

बारशाला कानात कुर्र करणारी आत्या. जावळाला मांडी देणारा मामा. कानपिळीला नवऱ्यामुलाचा कान धरणारा भाऊ. तो मान सध्या मावसभावाकडे जातो. आई एकुलती, बाप एकुलता, तर त्यांच्या मुलाला मावसभाऊ तरी कुठून येणार?

बाळाला पायांवर पालथं घेऊन न्हाऊ घालणारी बाई. मे महिन्यातलं आजोळ. थोरल्याची पुस्तकं, धाकट्याचं नवं कव्हर.

गेल्याचं दुःख नाही असंही बरंच आहे. सात-आठ बाळंतपणं आणि त्यातली दोन-तीन मुलं पुरणं, हे आपल्या पणज्यांच्या वाट्याला आलं. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्या कामापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1992-93 साली महाराष्ट्रातल्या बाईमागे सरासरी 2.9 मुलं होती, 2019-21 मध्ये 1.7. यातली बरीचशी घट बायकांनी शिकून, समजून घडवलेली आहे.

मला काळजी वाटते ती दुसरं हवं असूनही थांबणाऱ्यांची. मुली स्वार्थी झाल्या, ही सोपी शिवी मला मान्य नाही. घराचा हप्ता, शाळेची फी, लोकलचे येताजाता तीन तास, हे सगळं सांगून झाल्यावर त्या हळूच विचारतात, ‘पण बघणार कोण?’ आजी गावाला, किंवा अजून स्वतःच नोकरीत. पूर्वी रडणारं पोर या खांद्यावरून त्या खांद्यावर जाई, तेवढ्यात आई चार घास सुखानं जेवे. मूल झाल्याचं सुख त्या चार घासांवर फार अवलंबून असतं, असं मला वाटतं. रात्रभर एकटीनं जागलेल्या बाईला ‘आता दुसरं कधी?’ विचारणं क्रूर आहे.

2017 पासून कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची रजा मिळते आणि 50 किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर सक्तीचं आहे. कापडाच्या दुकानात, छोट्या दवाखान्यात, शिकवणीवर्गात काम करणाऱ्या कितीतरी जणींकडे एवढी माणसंच नसतात. आणि त्या कायद्यात बापाला एक दिवसाचीही रजा नाही.