नांगर कुणाला जड होतो

नांगर जमिनीत उतरला की इंजिन दबतं. 40 अश्वशक्तीचं असो नाहीतर 55 चं, मळीच्या रानात पलटी नांगराचे दोन फाळ फूटभर खाली गेले की आवाज खाली बसतो, सायलेन्सर काळं ओकतो आणि मग गव्हर्नर डिझेल वाढवून त्याला परत वर घेतो. ट्रॅक्टर बघायला मला कुणी नेलं की मी एवढंच बघतो: किती बसला आणि कसा उठला. टायर, क्लच, रंग बघणारे गावात पुष्कळ आहेत. आरसी बुकावरचा बँकेचा बोजा उतरलाय का, हे सोसायटीचा क्लार्कसुद्धा सांगतो. पण दबलेलं इंजिन स्वतःच्या अशक्तपणानं दबलं, मातीच्या धरण्यानं दबलं, की नांगरच वाकडा जोडला होता, हे सांगणारा माणूस मला आजवर फार कमी ठिकाणी भेटला. मी तो आहे, असं मी कित्येक वर्षं मानत आलो. मनातल्या मनातच नाही, चारचौघांतही.

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात शेती आहे ती घरटी दोन-चार एकरांची. ऊस, त्यात खोडवा, कडेला जनावरांपुरती वैरण, आणि राजाराम कारखान्याची चिमणी दिसेल एवढ्या अंतरावर रान. अशा घरात ट्रॅक्टर येतो तो दहा-पंधरा वर्षांसाठी. थोरल्याच्या नावावर कर्ज, धाकट्याच्या हातात स्टिअरिंग, आणि हप्ता दोघांच्या ऊसबिलातून. नवा घ्यायचा तर आता जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आलाय, सप्टेंबर 2025 पासून. तरीही मधल्या गटातला, म्हणजे 40 ते 50 चा ट्रॅक्टर घरच्या शेतीला झेपायचा तर बहुतेक जण जुनाच बघतात. आणि जुना बघायचा म्हटलं की मला हाक मारतात.

मी मिस्त्री नाही. आधी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होतो, मग स्वतःचा घेऊन भाड्यानं नांगरट, रोटर, सरी करत आलो. उलपे मळ्यापासून शियेच्या पुलाकडच्या रानापर्यंत कुठली माती कुठं धरते ते मला पायाला कळतं. पण माझा खरा भरवसा कानावर होता. इंजिन लोडवर असताना मी मडगार्डवर बसून डोळे मिटायचो आणि सगळे गप्प व्हायचे. ते गप्प होणं मला फार आवडायचं. विकणारा, घेणारा, बघायला जमलेली पोरं, सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडं. ‘दुसऱ्या सिलिंडरचं नोझल टाकतंय’ असं मी म्हणायचो, आणि मिस्त्री खोलून बघायचा. तेवढ्यासाठी मी लांबलांबच्या गावांना पदरचं पेट्रोल घालून गेलोय.

डॉक्टरांनी कान तपासले तेव्हा कागदावरची रेघ उजव्या बाजूला एकदम खाली गेलेली होती. उंच पट्टीतले आवाज गेले. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर उभा सायलेन्सर पुढ्यातच भडकत असतो, आणि त्याच्यासमोर आम्ही दिवसचे दिवस बसलो. कानात बोळा घालायचं आम्हाला कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी घातला नसता. खालचा घुमारा अजून नीट ऐकू येतो. टॅपेटची टिकटिक, नोझलचा बारीक ठोका, पंपाची किरकिर मात्र आता मला नाही.

म्हणून हल्ली मी पुतणीला बरोबर नेतो. ती राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकते, सुट्टीत घरी असते. पहिल्यांदा ती आली ती टेप, खडू आणि फिरत्या पुलीवर धरून फेरे मोजायचं एक छोटं यंत्र घेऊन. मला ते आवडलं नव्हतं.

माझी अडचण तिला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला, कारण ती मी कधी शब्दांत मांडलीच नव्हती. ती अशी. ट्रॅक्टरच्या लिफ्टला दोन दांड्या असतात. पोझिशनची दांडी नांगर ठरवलेल्या उंचीला धरते. ड्राफ्टची दांडी लावली की माती नांगराला धरते तेव्हा टॉप लिंक पुढं रेटली जाते, तिच्या मुळाशी असलेली स्प्रिंग दाबली जाते आणि लिफ्ट नांगर थोडा वर घेते. नांगराचं आणि मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं, चाक घसरत नाही, इंजिन मरत नाही. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं हे काढलं आणि 1939 साली फोर्डबरोबर आणलेल्या ट्रॅक्टरमुळं ते जगभर गेलं. हलके ट्रॅक्टर जड नांगर ओढू लागले ते या कल्पनेमुळं. शेतकऱ्याच्या बाजूनं विचार केलेली यापेक्षा मोठी गोष्ट ट्रॅक्टरात दुसरी झाली नाही असं माझं मत आहे.

पण ट्रॅक्टर बघताना हीच सोय डोळ्यांवर पडदा टाकते. विकणाऱ्याचा ड्रायव्हर ड्राफ्टची दांडी लावून तास मारतो. जड ठिकाणी नांगर आपसूक वर येतो, इंजिन मजेत चालतं, घेणारा खूश. मागं वळून तासात हात घातला तर तिथं जेमतेम वीतभर खोली उरलेली असते. म्हणून मी पहिल्यांदा ड्राफ्ट काढायला लावतो, पोझिशनवर खोली बांधून घेतो. आता दबलं तर इंजिन दबलं म्हणावं का? नाही. रान वरखाली असतं, बांधाकडं माती दाबलेली असते, पाटाच्या कडेला ओल जास्त. मग त्याच रानात उलट्या दिशेनं दुसरा तास. तरीही शंका उरते, कारण विकणाऱ्याचा नांगर मला माहीत नसतो. फाळ झिजलेला असला तर तो माती कापत नाही, नुसती ढकलतो. म्हणून नांगर मी आमचाच नेतो, उद्यमनगरात बनवून घेतलेला. आणि जमलं तर शेजाऱ्याचा ठाऊक असलेला ट्रॅक्टर तोच नांगर लावून त्याच ठिकाणी चालवून बघतो. एवढं करूनही सकाळी नऊचा वापसा आणि दुपारी दोनचा वापसा सारखा नसतो. रात्रीच्या अंथरुणातही हेच डोक्यात फिरतं: त्या दबण्यात मातीचा वाटा किती होता?

पुतणीनं एक गोष्ट केली ती मला यायला हवी होती. मागच्या टायरवर खडूची खूण करून नांगर वर उचलून दहा फेरे चालवले, अंतर मोजलं. मग नांगर घालून तेच दहा फेरे. रिकामं 40 मीटर गेला आणि नांगरासकट 35, म्हणजे साडेबारा टक्के चाक घसरलं. चाक असं दहा-पंधरा टक्क्यांच्या आत घसरत असेल तर ते मातीचं-टायरचं जमलेलं गणित. त्यात इंजिन दबलं तर ते बरंचसं इंजिनाचंच. चाक फारच घसरलं तर इंजिन बिचारं रिकामंच फिरतं आणि दमदार वाटतं. इतकी वर्षं मी हे अंदाजानं करायचो. तिनं खडूनं केलं.

आता थोडं लोकांबद्दल. माणसं अश्वशक्तीचा आकडा विचारतात. 45 चा ट्रॅक्टर पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, 45 देत नाही, 38-39 देतो, आणि रोटरला लागते ती पीटीओची ताकद. मध्य प्रदेशात बुधनीला सरकारी संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. तिच्या अहवालात पीटीओची ताकद असते, फेरे कमी होताना ओढ किती टक्के वाढते तेही असतं. मी म्हणतो तो दम म्हणजे हाच आकडा. तो अहवाल मागणारा गिऱ्हाईक मी पाहिला नाही. दुकानातली पोरं दिवे, पॉवर स्टिअरिंग आणि मोबाईल चार्जर दाखवतात. 2023 च्या जानेवारीपासून 50 अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, त्यांची इंजिनं महाग झाली, त्यामुळं सगळ्यांची गर्दी 50 च्या जरा खाली झालीय. घेणाऱ्याला वाटतं, 49 आहे म्हणजे जवळजवळ 50. घरच्या चार एकरांना 42 पुरतो. पण 42 वर बसून जत्रेतल्या ट्रॉली रिव्हर्सच्या स्पर्धेला गेलं तर कोण बघणार, हे धाकट्या भावाच्या मनात असतं आणि थोरल्याला ते माहीत असतं.

दुसरं, उसाची वाहतूक. ट्रॅक्टर घेताना म्हणतात, हंगामात दोन ट्रॉल्या लावू, हप्ता सुटेल. त्यासाठी तोडणीच्या टोळीला लाखांत उचल द्यावी लागते, आणि मुकादम उचल घेऊन आलाच नाही तर ट्रॅक्टरही उभा आणि घरही. आमच्या भागात अशी घरं आहेत, नावं सांगायची गरज नाही. ऊस ओढलेला ट्रॅक्टर ओळखायला मात्र सोपा: मागच्या टायरची नक्षी मधोमध घासलेली, हुकाचं भोक लांबट झालेलं, आणि खालच्या लिंकच्या पिना नव्यासारख्या, कारण नांगर कधी लागलाच नाही. असा ट्रॅक्टर रानात आला की माती त्याला परकी असते.

आणि रोटर. पूर्वी नांगरट, मग उन्हात तापू द्यायचं, मग कुळव. आता खोडवा मोडला की लगेच पाच फुटी रोटर, वर्षानुवर्षं तेवढ्याच खोलीत. पात्यांच्या खाली मातीचा घट्ट थर बसतो, पाणी खाली जात नाही, मुळी आडवी वळते. त्या थरावर नांगर लागला की ट्रॅक्टर असा दबतो की चांगल्या इंजिनावरही संशय यावा. घेणाऱ्याला मी आधी विचारतो, या रानात शेवटची नांगरट कधी झाली? बहुतेकांना आठवत नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

पुराचं तर वेगळंच. 2019 आणि 2021 साली राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 आहे. पाण्यात उभे राहिलेले ट्रॅक्टर नंतर धुऊन-रंगवून बाजारात आले. तेल बदलतात, त्यामुळं गिअर बॉक्समध्ये दुधी तेल सापडत नाही. मी डॅशबोर्डच्या मागं, हेडलाईटच्या वाटीच्या तळाला आणि पुढच्या अॅक्सलच्या आधाराच्या पोकळीत बोट घालतो. पंचगंगेचा गाळ वाळला की पिठासारखा होतो. नखात अडकतो, ओलं केलं की करडा-काळा चिकट होतो. दुसरीकडच्या मातीत आणि त्याच्यात मी आजही चुकत नाही. त्याला कान लागत नाहीत.

गेल्या महिन्यात शियेच्या वाटेवरच्या दोघा भावांनी बोलावलं. दोन ट्रॅक्टर होते: एक 50 चा, तजेलदार, दुसरा 42 चा, आठ-नऊ हंगाम चाललेला. 50 च्या ड्रायव्हरनं ड्राफ्टवर झकास तास मारून दाखवला. पोझिशनवर लावायला सांगितलं तर तो जरा नाखूश झाला. मी मडगार्डवर हात ठेवून बसलो. कान गेल्यापासून मी हे शिकलोय: इंजिन दबतं तेव्हा पत्र्याची थरथर जाड आणि मंद होते, उठतं तेव्हा ती बारीक, घट्ट होते. 50 ची थरथर जाड झाली आणि जाडच राहिली. पुतणी खाली चालता चालता यंत्र धरत होती. फेरे 2000 वरून 1700 वर आले आणि तिथंच थांबले. तिनं विचारलं, ‘तात्या, फिल्टर तुंबलेला असेल का?’ मला हेच विचारायचं होतं. फिल्टर नवा घातला, परत तास मारला, फरक पडला नाही. ब्रीदरच्या नळीतून धूर ढकलला जात होता, म्हणजे कॉम्प्रेशन गळतंय.

42 चा नाल्याकडच्या खालच्या कोपऱ्यात जास्त बसला. 1600 च्याही खाली. पण प्रत्येक वेळी उठला. हाताला कळत होतं.

तिथं थोरल्या भावानं पुतणीला विचारलं, ‘ताई, काय करू?’ मी तिथंच होतो. तिनं माझ्याकडं बघितलं, मी काही बोललो नाही, आणि तिनं ‘42 चा घ्या’ म्हणून सांगितलं. तिचं बरोबर होतं. मला ते लागलं. विचारायला हवं होतं मला, असं मला वाटलं, आणि दिवसभर वाटत राहिलं. घरी जेवताना मी तिच्याशी नीट बोललो नाही.

पण व्यवहार होण्याआधी मी दुपारी परत एक तास मारायला लावला. ती म्हणाली, ‘आकडे झालेत की.’ मी म्हणालो, सकाळची ओल गेली असेल आता. खालच्या कोपऱ्यात 42 चा या वेळी 1750 वरच थांबला. म्हणजे सकाळच्या दबण्यात ओलीचा वाटा होता. किती, ते मला अजून सांगता येत नाही, कारण दुपारपर्यंत तोच पट्टा एकदा फोडलेला होता आणि मोकळी माती हलकी लागतेच. ते रान पुढच्या खोडव्यानंतर परत नांगरायचं आहे. तेव्हा न फोडलेल्या पट्ट्यात, सकाळी आणि दुपारी, आमचाच नांगर लावून दोन तास मारू द्या, असं दोघा भावांना सांगून ठेवलंय. डिझेल मी घालणार आहे.