आकाशाची मोजणी

अमुक गांव किती लांब, असें वाटसरूनें विचारलें असतां आमच्याकडे कोसांचा आंकडा क्वचितच मिळे. ‘दोन घटकांची वाट आहे’ किंवा ‘दिवस मावळायच्या आंत पोंचाल’ असें उत्तर येई. सुशिक्षितांस हें उत्तर गबाळें वाटतें. पण आकाशाची मोजदाद करणाऱ्या पंडितांनीं अखेर हीच रीत पत्करली आहे. प्रकाश एका सेकंदांत सुमारें ३ लाख किलोमीटर चालतो. चंद्राची वाट त्याला सव्वा सेकंदाची, सूर्याची सव्वाआठ मिनिटांची, आणि सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याची सव्वाचार वर्षांची.

येथपर्यंत वाचकांची मान डोलते. देवयानी दीर्घिकेची वाट २५ लाख वर्षांची, असें म्हटल्यावरही ती डोलतच राहते, आणि हेंच वाईट. कारण तेव्हां आंकडा समजलेला नसतो, केवळ शिरसावंद्य झालेला असतो. पुराणांतील युगांचे आंकडे आणि वेधशाळेंतले आंकडे मग मनांतील एकाच फडताळांत जाऊन बसतात. आमच्या एका स्नेह्यांनीं हा आक्षेप झणझणीत शब्दांत ऐकविला : “दोन्ही ऐकीवच. तेथें पट्टी घेऊन कोण गेलें होतें?” प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. त्याला उत्तर नसेल, तर विज्ञानावरील आमचा विश्वास ही एक नवी भाविकताच ठरेल.

म्हणून आम्ही एका रात्रीं गच्चीवर उभे राहिलों. हात लांब करून अंगठा उभा धरला, आणि आळीपाळीनें एकेक डोळा मिटला. अंगठा समोरच्या दिव्याच्या खांबाच्या एका बाजूचा दुसऱ्या बाजूस गेला. हात जवळ घेतला, तों उडी मोठी झाली. दोन डोळ्यांतील अंतर आणि ही उडी ठाऊक असली, कीं अंगठ्यापर्यंत पट्टी नेण्याचें कारण उरत नाहीं. या उडीलाच ज्योतिषांत लंबन म्हणतात. दोन डोळ्यांच्या जागीं पृथ्वीच्या कक्षेचीं समोरासमोरचीं टोकें घेतलीं, तर त्यांत ३० कोटि किलोमीटरांचें अंतर पडतें. तरीही ताऱ्यांची उडी इतकी सूक्ष्म, कीं हंस तारकासमूहांतील ६१ व्या क्रमांकाच्या ताऱ्याचें लंबन बेसेल या जर्मन ज्योतिर्विदानें प्रसिद्ध केलें, तें १८३८ सालीं.

मोजण्याऐवजीं गृहीत धरलें तर काय होतें, याचें उदाहरण आमच्या घरींच आहे. सूर्यसिद्धांतांत पृथ्वीचा व्यास १,६०० योजनें व चंद्रकक्षेचा घेर ३,२४,००० योजनें दिला आहे. हिशेब केला तर चंद्र पृथ्वीच्या सुमारें ६४ त्रिज्यांवर येतो. आजचें मान ६०. सूर्याच्या बाबतींत मात्र सर्व ग्रह दररोज सारखींच योजनें चालतात असें धरून चालले, आणि सूर्य चंद्राच्या अवघा तेरापट दूर ठरला. वस्तुतः तो ३९० पट दूर आहे.

लंबन फार दूर चालत नाहीं. पुढची पायरी हार्वर्ड वेधशाळेंतील हेन्रिएटा लेविट या बाईंनीं बसविली. लहान मॅगेलनी मेघांतील २५ रूपविकारी ताऱ्यांवरून १९१२ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, ज्या ताऱ्याची उजळण्या-मंदावण्याची फेरी दीर्घ, तो मुळांतच अधिक तेजस्वी. दिव्याचें मूळ तेज कळलें, म्हणजे दिसणाऱ्या उजेडावरून त्याचें अंतर निघतें. १९२३ सालीं हबल यांस देवयानींत असाच तारा सांपडला. अंतर निघालें सुमारें ९ लाख प्रकाशवर्षें. पुढें १९५२ सालीं बाडे यांनीं सांगितलें कीं, असे तारे दोन जातींचे असून त्यांची गल्लत झाली होती. त्यासरशीं दीर्घिकांचीं अंतरें दुप्पट झालीं.

यावर स्नेही हंसले : “आज एक, उद्यां दुसरें, हीच का तुमची खात्री?” आम्हांस मात्र खात्री येथेंच वाटूं लागली. चूक कोठें झाली हें ज्या आंकड्यांत दाखवितां येतें, तो कोणीतरी मोजलेला असतो. युगांच्या आंकड्यांत अशी दुरुस्ती झाल्याचें ऐकिवांत नाहीं. खालची पायरी सैल असली तर वरच्या सगळ्या हलतात, म्हणून ती पुनःपुन्हां ठोकून पाहावी लागते. गाया या यूरोपी यानानें २०१४ पासून २०२५ च्या आरंभापर्यंत जवळजवळ दोनशें कोटि ताऱ्यांचे वेध घेतले, ते याच अंगठ्याच्या रीतीसाठीं. तरी विश्वाच्या प्रसरणाचा वेग दोन मार्गांनीं काढला असतां उत्तरांत आठ-नऊ टक्क्यांची तफावत राहतेच, आणि तिचें कारण अद्याप शोधलें जात आहे.

२५ लाख प्रकाशवर्षें मनांत मावत नाहींत. तीं मावावींत असा आमचा हट्टही आतां उरलेला नाहीं. गच्चीपासून तेथवर कोणत्या पायऱ्यांनीं जातां येतें, हें सांगतां आलें म्हणजे पुरे. कार्तिकांतील निरभ्र अंधाऱ्या रात्रीं, शहराच्या दिव्यांपासून दूर, देवयानी नुसत्या डोळ्यांनीं पुसट डागासारखी दिसते. यंदा स्नेह्यांस तेथें नेण्याचा बेत आहे. आमच्या शब्दावर त्यांनीं विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं. अंगठा त्यांचा त्यांनीं बरोबर आणावा.