रणगाड्याचें वजन

आमच्या नातवाजवळ रेडियोच्या नियंत्रणानें चालणारा ‘टायगर’ रणगाडा आहे. १९४२ सालीं लेनिनग्राडजवळ प्रथम रणांत उतरलेल्या जर्मन रणगाड्याची ही सोळाव्या हिश्श्याची प्रतिकृति. दिसण्यांत ती हुबेहूब. चालूं लागली कीं मात्र सोंग उघडें पडे. वाटेंत पेन्सिल आडवी आली तरी बेडकासारखी टुणकन् उडे. मुलास हें खटकूं लागलें, आणि त्याची तक्रार आम्हांस रास्त वाटली.

याचें कारण गणितांत आहे. लांबी सोळाव्या हिश्श्यावर आली म्हणजे क्षेत्रफळ २५६ व्या आणि घनफळ ४०९६ व्या हिश्श्यावर येतें. मूळ रणगाडा ५७ टनांचा. त्यास ४०९६ नीं भागिलें असतां सुमारें १३.९ किलो येतात. स्वयंपाकघरांतील काट्यावर आमची प्रतिकृति भरली साडेतीन किलो! बरें, पुरे १३.९ किलो भरले तरी जमिनीवरील दाब मूळच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच राहणार. नैयायिकांनीं चोवीस गुणांत गुरुत्वाची गणना केली आहे; नातवास तो शब्द शिकविण्याची संधि आम्ही दवडली नाहीं.

चालीचा प्रश्न याहून निराळा आहे. अडथळा ओलांडतांना रणगाडा जी मान डोलावतो, तिची गति स्प्रिंगांचा ताठपणा व त्यांवरील भार यांवर ठरते. स्प्रिंगा त्याच ठेवून भार दुप्पट केला, तर एका झोक्यास सुमारें १.४ पट वेळ लागतो. ही संथ डुलकीच पाहणारास खरी वाटते. परंतु भार फार झाला म्हणजे स्प्रिंगा बसतात व गाड्याचें पोट जमिनीस टेकूं लागतें. म्हणून १३.९ चा हट्ट धरूं नये, असें आमचें मत आहे. सहा किलोंवर आम्ही थांबलों.

प्रथम प्लॅस्टिकचे पट्टे काढून धातूचे चढविले; तेवढ्यानेंच किलोभराहून अधिक वजन वाढलें. धातूचा पट्टा प्लॅस्टिकचें दातेरी चाक खाऊन टाकतो, म्हणून तेंहि बदलणें आलें. इतकें झाल्यावर आंतल्या गिअरचे दात तुटले. दुकानदारानें हात वर केले. धातूचे गिअर मागवून ते बसवावे लागले.

उरलेल्या भारासाठीं नातवानें टायरवाल्याकडून शिशाचे तुकडे आणले. मोटारीच्या चाकाचा तोल साधण्यासाठीं लावतात तेच हे. निवड तशी शहाणपणाची होती: घन सेंटिमीटरला शिसें ११.३ ग्रॅम, लोखंड सुमारें ७.९, जागा तर थोडी. पण आमच्या सूनबाई रसायनशास्त्राच्या पदवीधर. त्या म्हणाल्या, “मामंजी, घरांत रांगतें मूल आहे. शिसें नको.” मुलानें वरून रंग देण्याचें कबूल केलें, आजीकडे वशिला लावला, एक दिवस जेवतांना अबोला धरला. शिसें कानशीनें घासलें कीं त्याची धूळ फरशीवर पडते, फरशीवरून बाळाच्या हातास आणि हातावरून तोंडांत जाते; लहान मुलाच्या मेंदूस त्याची अमुक मात्रा निर्धोक, असें आजचें वैद्यक सांगत नाहीं. आम्ही सूनबाईंच्या बाजूनें निर्णय दिला. आजी अद्यापि त्यास कठोर म्हणते.

तुकडे परत गेले आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पट्टीचे काप करून आणले. टायगरचें ओढणारें चाक पुढें असतें. प्रतिकृतींतहि गिअर पुढेंच, म्हणून नाक आधींच जड. काप मागील बाजूस, तळाशीं, दोन्हीकडे सारखे बसविले. बुरुजांत कांहींहि घातलें नाहीं. तेथें भार चढविला तर वळणावर गाडा झुकतो.

आतां उंबऱ्याजवळची पायपुसणी तो सावकाश चढतो, क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि मग नाक खालीं टेकवितो. धाकटी नात त्याच्या मागें रांगत असते. धातूच्या पट्ट्यांतील बारीक पिना मात्र चालतां चालतां बाहेर डोकावतात. म्हणून खेळ सुरू होण्यापूर्वीं दर वेळीं त्या एकेक मोजून आंत ठोकण्याचें काम सूनबाईंनीं आमच्याकडे सोंपविलें आहे.