ठिपक्यामागचं घर

लिनक्सच्या संगणकावर तुमचं खातं उघडलं की तुमच्या नावाचं एक फोल्डर तयार होतं. त्याला सगळे ‘होम’ म्हणतात. उघडून पाहिलं तर आत फार काही नसतं. कागदपत्रं, गाणी, फोटो आणि डाउनलोड करून विसरलेला पसारा. आता कंट्रोल दाबून एच दाबा. एकदम डझनभर नवी फोल्डरं समोर येतात आणि प्रत्येकाच्या नावाआधी एक ठिपका असतो.

नावाआधी ठिपका असेल ते दाखवायचं नाही, हा युनिक्सचा जुना रिवाज. तो कोणी बसून ठरवलेला नाही. रॉब पाइक हे युनिक्सच्या जुन्या मंडळींपैकी एक. त्यांनी हा किस्सा लिहून ठेवला आहे. फाइलींची यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोनच नोंदी गाळायच्या होत्या. एक ठिपका म्हणजे ‘हेच फोल्डर’ आणि दोन ठिपके म्हणजे ‘याच्या वरचं’. लिहिणाऱ्याने कंटाळा केला आणि ठिपक्यापासून सुरू होणारं सगळंच गाळून टाकलं. मग लोकांना लपवायला जागा सापडली आणि जो तो तिथे आपलं सामान टाकू लागला. पाइक यांना ही गोष्ट अजून खुपते. मला मात्र तो आडोसा आवडतो, कारण माझी सगळी आवडनिवड तिथे राहते.

‘डॉट कॉन्फिग’ नावाचं फोल्डर उघडायचं, त्यात डेस्कटॉपचं फोल्डर, त्यात आणखी एकदोन पायऱ्या. मी एक्सएफसीई नावाचा डेस्कटॉप वापरते, म्हणून तिथे पॅनेलची (म्हणजे मेनू-घड्याळाच्या पट्टीची) फाइल, खिडक्यांची फाइल, कीबोर्डच्या शॉर्टकटांची फाइल, अशा वेगवेगळ्या आहेत. कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडतात. आत कोनी कंसांत लिहिलेल्या ओळी. साइझ, पुढे २६. पोझिशन, पुढे काही आकडे. घड्याळात तारीख आधी की वार आधी, तेही तिथेच. यंत्राला कळावं म्हणून लिहिलेलं आहे, पण माणसालाही वाचता येतं. मला या गोष्टीचं अप्रूप अजून संपलेलं नाही.

गणपतीत सोसायटीच्या मुलांना सिनेमा दाखवायला भाचा माझा लॅपटॉप घेऊन गेला. परत आला तेव्हा वरचं पॅनेल गायब. मेनू नाही, घड्याळ नाही, वायफायचं चिन्ह नाही. नुसता वॉलपेपर. रीस्टार्ट केलं, तरी तेच.

“मावशी, फॉरमॅट मारून टाक ना,” भाचा म्हणाला. “अर्ध्या तासात नवं होईल.”

हा सल्ला मला मुळीच पटत नाही. आपल्याकडे दुकानात गेलं की पहिलं हेच ऐकायला मिळतं आणि सगळं पुसून परत भरलं की दुरुस्ती झाली असं मानायची सवय लागते. नेमकं काय बिघडलं होतं ते कुणालाच कळत नाही. पुढच्या वेळी बिघडलं की पुन्हा तेच.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच. बिघाड प्रोग्रॅममध्ये आहे की माझ्या ठिपक्यामागे? त्याचं उत्तर मिळवायला पैसा लागत नाही. कंट्रोल-ऑल्ट-टीने टर्मिनल उघडून मी एक नवा वापरकर्ता तयार केला आणि त्याच्या नावाने लॉगइन केलं. पॅनेल ठणठणीत. म्हणजे प्रोग्रॅम चांगला आहे, व्हिडिओ कार्ड चांगलं आहे, जे काही आहे ते माझ्याच घरात. निम्मं काम इथे संपतं. या एका चाचणीने मी लोकांचे कितीतरी ‘मेलेले’ डेस्कटॉप जिवंत होताना पाहिले आहेत, आणि तरी ही चाचणी कुणी आपणहून करत नाही.

परत माझ्या खात्यात आले. मोकळ्या जागी उजवं बटण दाबलं की मेनू मिळतो, त्यातून सेटिंग्ज एडिटर उघडला. डावीकडे पॅनेलचं नाव, उजवीकडे त्याचे सगळे गुणधर्म ओळीने. त्यात एक ओळ होती: आउटपुट-नेम, पुढे एचडीएमआय-१. भाच्याने पॅनेल प्रोजेक्टरच्या पडद्यावर पाठवलं होतं. प्रोजेक्टर काढला, तरी पॅनेल त्याच पडद्याचं नाव धरून बसलं होतं. तो पडदा जोडलेला नसेल तर दिसायचं नाही, हा नियम ते इमानेइतबारे पाळत होतं.

इथे एक मेख आहे, ती सांगायलाच हवी. ही फाइल एडिटरमध्ये उघडून थेट बदलली तर बहुधा उपयोग होत नाही. मागे एक्सएफकॉन्फ नावाचा एक प्रोग्रॅम सतत चालू असतो. सगळी मूल्यं त्याच्या स्मरणात असतात आणि तो तुमच्या दुरुस्तीवर आपलंच जुनं लिहून मोकळा होतो. म्हणून बदल त्याच्यामार्फतच करायचा. मी ती ओळ निवडून रीसेट केली. पॅनेल लगेच वर येऊन बसलं. भाचा दोन सेकंद बघत राहिला आणि म्हणाला, “एवढंच?”

एवढंच. पण बिघाडाला नाव मिळालं, आणि ते नाव मला वाचता येत होतं. बंद पेटीतल्या यंत्रापुढे आपण उदबत्ती लावून बसतो, इथे निदान झाकण उघडता येतं.

या एक्सएफसीईची जन्मकथाही अशीच आहे. ऑलिव्हिए फुर्दां यांनी ते १९९६ साली सुरू केलं. पण ज्या साधनसामग्रीवर ते उभं होतं ती एक्सफॉर्म्स खुली नव्हती, म्हणून रेड हॅट या लिनक्स कंपनीने ते आपल्यासोबत घ्यायला नकार दिला. फुर्दां यांनी ते सगळं पुन्हा जीटीके या खुल्या साधनसामग्रीवर लिहून काढलं. १९९६ सालीच, १४ ऑक्टोबरला, जर्मनीत माथियास एट्रिख यांनी केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपची घोषणा केली. त्याच्या पायातल्या क्यूटी या साधनसामग्रीच्या परवान्यावरून वाद पेटला आणि पुढच्या वर्षी मेक्सिकोतल्या मिगेल द इकासा आणि फेदेरिको मेना यांनी नोम हा तिसरा डेस्कटॉप सुरू केला. सगळी भांडणं एकाच मुद्द्यावर होती: पायात जे आहे ते आम्हाला उघडून बघता आणि मोकळेपणाने बदलता येईल का? बटणं कशी दिसतात, हा प्रश्न नंतरचा.

२०११ साली नोमची तिसरी आवृत्ती आली. खालची पट्टी गेली, मेनू गेला, माणसं चिडली. भाड्याच्या खोलीत मालकाने मोरी हलवली तर आपण कुरकुर करतो आणि नव्या जागी आंघोळ करू लागतो. इथे तसं झालं नाही. अर्जेंटिनातल्या एका गृहस्थाने जुन्या नोमचा सोर्स कोड उचलला आणि ‘माटे’ या नावाने तो पुढे चालू ठेवला. आज इतक्या वर्षांनीही तो जुना मेनू ज्याला हवा त्याला मिळतो. नोमवाल्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नवं आहे तसंच आवडणारी माणसंही भरपूर आहेत. पण ‘नको’ म्हणायची सोय होती, आणि ती लोकांनी वापरली.

सजावट करणाऱ्यांविषयी मात्र माझं मत जरा तिखट आहे. आयकॉन बदल, थीम बदल, खिडक्यांना डुलायला लाव, मग त्याचा स्क्रीनशॉट काढ. हौसेला मोल नाही, मान्य. पण त्यात महिने जातात आणि ज्या कामासाठी संगणक घेतला ते तसंच राहतं. मी फार थोड्या गोष्टी बदलते आणि त्या बदलल्या की वर्षानुवर्षं हात लावत नाही.

त्यातली एक सांगते, कारण ती आपली आहे. माझा डेस्कटॉप इंग्रजीत असतो, पण फाइलींची नावं मराठीत. पूर्वी त्या नावांतले ल आणि श मला सारखे टोचायचे. दिसायचे ते हिंदी वळणाचे, दंड असलेला ल आणि बिनदेठाचा श. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श, हे वळण शाळेत पाटीवर गिरवलेलं. २००९ साली राज्य शासनाच्या निर्णयातही तेच प्रमाण धरलं गेलं. फॉन्ट बदलून बघितला. दोन्ही वळणं आत असलेला फॉन्टही हिंदीच दाखवत होता. मग दोष कुणाचा?

शोधत गेले तेव्हा कळलं. जीटीकेच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरं मांडायचं काम पँगो नावाची लायब्ररी करते. मजकूर कुठल्या भाषेतला हे कुणी सांगितलं नसेल, तर ती लिपीवरून अंदाज बांधते. त्यासाठी तिच्या आत एक तक्ता आहे, प्रत्येक लिपीपुढे नमुन्याची एक भाषा. देवनागरीपुढे लिहिलंय हिंदी. कुणी आकसाने केलेलं नाही. एका लिपीला एकच रकाना होता, इतकंच. पण तो तक्ता बाजूला सारायची सोयही त्यांनीच ठेवली आहे. होममधल्या ‘डॉट प्रोफाइल’ या फाइलीत एक ओळ घालायची: एक्स्पोर्ट, मग सगळी कॅपिटल अक्षरं वापरून पँगो-अंडरस्कोर-लँग्वेज, बरोबरचं चिन्ह, आणि पुढे ईएन, कोलन, एमआर. लॉगआउट, लॉगइन. फाइल मॅनेजर उघडला. ‘लग्नाचे फोटो’ मधल्या ल ला पाकळ्या फुटल्या होत्या, ‘शाळा’ ला देठ आला होता.

ब्राउझर आणि केडीईचे प्रोग्रॅम पँगोवर चालत नाहीत, त्यांना ही ओळ कळत नाही. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडावी लागते. फॉन्टमध्ये मराठी वळण असायला हवं, हेही आलंच. पण जगातल्या कुठल्या कंपनीच्या सभेत आपल्या ल चा विषय कधी निघेल? इथे तो एका ओळीत निकालात निघाला, आणि कुणाची परवानगी लागली नाही.

लिनक्स वापरून बघायला एक निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मदत मायक्रोसॉफ्टने थांबवली. केडीईच्या घोषणेचीही तीच तारीख, हा निव्वळ योगायोग. चांगले चालणारे कितीतरी लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. तुमच्याकडे असा एखादा पडून असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही, आवडलं नाही तर पेन ड्राइव्ह काढून ठेवा. आवडलं आणि बसवलंत, तर काहीही बदलण्याआधी डॉट कॉन्फिगची एक नक्कल दुसरीकडे करून ठेवा. आणि ल, श डोळ्याला खटकले, तर कुठली ओळ कुठे लिहायची ते तुम्हाला आता माहीत आहे.