पाच बटनांची गाडी

बटन म्हटलं की आपल्या बायकांच्या डोळ्यांपुढे काय येतं? शर्टाचं तुटलेलं बटन, नाहीतर मिक्सरचं. मोटारीचे गिअरसुद्धा बटनं दाबून बदलतात, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण मागच्या वर्षी तशी गाडी आमच्याच अंगणात येऊन उभी राहिली, आणि तिच्या निमित्ताने घरातली एक झाकलेली गोष्ट बाहेर आली. म्हणून हे सगळं तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आमचं पूर्णा म्हणजे रेल्वेचं गाव. आमचे हे इथल्या लोको शेडमध्ये फिटर होते. तो मीटरगेजचा, वाफेच्या इंजिनांचा काळ. ड्यूटीवरून आले की हातांचं काळं साबणाला दाद द्यायचं नाही. मी राख आणि लिंबाची साल पुढे ठेवायची. पुढे वाफेची इंजिनं गेली, रूळ रुंद झाले, हेही रिटायर झाले. पण हातातली कला कुठे रिटायर होते? गल्लीतली शिलाई मशिनं, पाण्याच्या मोटारी, कुणाच्या आजोबांची स्कूटर, सगळं आमच्या ओट्यावर येतं.

तर नांदेडचे एक डॉक्टर टेम्पोवर गाडी चढवून घेऊन आले. 1963 सालची प्लायमाउथ व्हॅलियंट. पूर्वी वकिलातींच्या वापरलेल्या परदेशी गाड्या सरकारी विक्रीत निघायच्या, तशी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. वडील गेले, गाडी राहिली. "काका, एका गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सच उघडायला सांगितलाय. तुम्ही एकदा बघा," असं म्हणाले.

प्लायमाउथ हे नाव आपल्याकडे नवं नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लायमाउथ, डिसोटो या गाड्या जुळवल्या जायच्या. त्याच क्रायस्लरने 1956 च्या मॉडेलांपासून ही बटनांची टूम काढली. क्लच नाही, गिअरचा दांडा नाही. स्टिअरिंगच्या बाजूला पाच बटनं: आर म्हणजे मागे, एन म्हणजे न्यूट्रल, डी म्हणजे चला पुढे, आणि घाटा-चढासाठी 2 आणि 1. शेजारी पार्किंगचा एक छोटा दांडा. एडसेल नावाच्या गाडीत तर 1958 साली ही बटनं थेट स्टिअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या जागी बसवली होती. पण ती विजेवर चालायची आणि फार रुसायची. क्रायस्लरची मात्र साधी, तारेवर चालणारी. तरीही 1965 च्या मॉडेलांपासून त्यांनी बटनं बंद करून पुन्हा दांडा आणला. गंमत बघा, आता काही नव्या गाड्यांत बटनं परत आली आहेत!

यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. डीचं बटन दाबलं तर ते पूर्ण आत जाईना. इंजिन ओरडायचं, गाडी उशिरा हलायची. हे म्हणाले, "गिअरबॉक्स उघडायचा नाही. आधी बटनं वेगळी, तार वेगळी, मग बघू दोष कुणाचा." सुनेचं आणि सासूचं भांडण सोडवताना दोघींना वेगवेगळ्या खोलीत बसवतात ना, तसंच हे!

बटनांची पेटी काढून तार सोडली. बटनं तशीच जड. तार मात्र हाताने जराशी कुरकुरत का होईना, सरकत होती. म्हणजे खोट मुख्यतः पेटीत. बटन दाबलं की मागची पट्टी सरकते, पट्टी तरफ फिरवते, तरफ तार ढकलते, आणि तार गिअरबॉक्समधला एक व्हॉल्व्ह हलवून तेलाला वाट करून देते. साठ वर्षांचं ग्रीस लाखेसारखं वाळून पट्ट्यांना चिकटलं होतं. व्हॉल्व्ह अर्धवट सरकला की तेलाचा दाब अपुरा, आतल्या चकत्या घसरतात, आणि तशीच दामटली तर जळतात. मग खरोखरच गिअरबॉक्स उघडावा लागतो.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. डिझेलची वाटी, जुना टूथब्रश. मी पट्ट्या घासत होते. माझ्या उषा मशिनची बॉबिनकेस मी अशीच साफ करते, त्यामुळे मला त्यात काही नवल वाटलं नाही. मग आली एक तारेची बारीकशी क्लिप. यांनी ती बसवायला घेतली आणि ती खाली पडली. पुन्हा घेतली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडल्यावर हे खिडकीबाहेर बघू लागले.

बायांनो, ज्या माणसाने इंजिनाच्या पोटात हात घालून न बघता नट बसवले, त्याच्या बोटांना क्लिप लागेना. दोन-चार महिन्यांपासून हे बटनांचा शर्ट टाळून डोक्यातून घालायचा सदरा घालत होते. "उकडतं," म्हणायचे. साखरेचा आजार बारा वर्षांचा. मी काही बोलले नाही. क्लिप उचलली आणि म्हटलं, "अहो, तुम्ही सांगा, मी बसवते. माझी बोटं बारीक आहेत." थोड्या वेळाने हे म्हणाले, "डावीकडून घाल. टक् आवाज येईल." आला!

पातळ ग्रीस लावून पेटी बसवली. तारेत तेल सोडलं. राहिलं शेवटचं काम, तारेची लांबी जुळवण्याचं. त्याला दोन माणसं लागतातच. एकाने वर आरचं बटन घट्ट दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली जुळवणीचं चाक फिरवायचं. इंजिन बंद, चाकांना दगड. वर मी बसले. खाली शेजारचा मोटरसायकली दुरुस्त करणारा मुलगा गेला, आणि हे खुर्ची टाकून सूचना द्यायला. तार आत टेकवायची, चाक गिअरबॉक्सला नुसतं टेकेपर्यंत फिरवायचं, मग स्क्रूच्या भोकासमोर येणारं पहिलं भोक धरून पाचव्या भोकापर्यंत जायचं आणि स्क्रू लावायचा. पोरगं मोठ्याने मोजत होतं, "एक... दोन..." आणि हे डोळे मिटून ऐकत होते. इतक्या वर्षांत यांनी आपली विद्या कुणाला हातात हात धरून दिली नव्हती. त्या दिवशी ती अशी, बोलून, दुसऱ्याच्या बोटांत गेली.

डी दाबलं, गाडी लोण्यासारखी हलली. डॉक्टरांना मी मुद्दाम चहाला बसवलं आणि यांच्यादेखतच सांगितलं, "यांना बटन लागत नाही हो." हे माझ्याकडे रागाने बघत राहिले. डॉक्टरांनी बुटातून पाय काढायला लावले, तळव्याला कापूस लावून विचारलं, "काका, कळतंय?" नाही कळलं. उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती, आणि यांना तिचा पत्ताच नव्हता! बुटात वर आलेला खिळा. "आणखी पंधरा दिवस गेले असते, तर अंगठा वाचवणं कठीण होतं," डॉक्टर म्हणाले. दोन महिने पट्ट्या केल्या, साखर ताब्यात आणली. जखम भरली.

तुमच्या घरात साखरेचा माणूस असेल तर एवढं करा. रात्री झोपताना त्यांचे तळवे आणि बोटांमधली जागा स्वतः बघा. चप्पल-बूट घालण्याआधी झटकून आत हात फिरवा. घरातही अनवाणी चालू देऊ नका. आंघोळीचं पाणी त्यांच्या हाताने नाही, तुमच्या कोपराने बघा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. आणि पुरुषमाणूस शर्ट सोडून एकदम सदरा घालू लागला, हातातून वस्तू पडू लागल्या, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. दुखत नाही म्हणून ते सांगत नाहीत; आणि या आजारात न दुखणं हीच काळजीची गोष्ट आहे.

आता आमच्या ओट्यावर संध्याकाळी ते शेजारचं पोरगं येऊन बसतं. हे सांगतात, तो करतो. आणि लग्नकार्याला जाताना यांच्या शर्टाची बटनं मी लावते. वरचं एक तेवढं हे स्वतः लावतात. वेळ लागतो, पण मी थांबते.