उबेची मोट

मुलुंडच्या माणसाने थंडीविषयी लिहावे, हे तसे धाडसच. आमच्याकडे डोंगर जवळ. त्यामुळे डिसेंबरात चार पहाटा जरा गार होतात. तेवढ्या भांडवलावर आम्ही कपाटातले स्वेटर बाहेर काढतो आणि गिरगावातल्या नातलगांना ‘आमच्याकडे थंडी पडली बरं का!’ असे ऐटीत सांगतो. घर गरम कसे ठेवावे, हा प्रश्न आमच्या सात पिढ्यांत कुणाला पडला नव्हता. यंदा तो पडला, आणि तोही असा की आमच्या आईचा सबंध हिवाळा त्याच्या उत्तरावर अडून राहिला.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी राहतो. बॉस्टनच्या पश्चिमेचे हे गाव म्हणजे बर्फाचे माहेरघर. कडाक्याच्या रात्री तिथे पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत उतरतो. येत्या जानेवारीत त्याच्याकडे पाळणा हलायचा आहे. त्या वेळी आईने यावे असा त्याचा हट्ट, आणि आईचे गुडघे तर मुलुंडच्या गारव्यानेही कुरकुरतात! त्याने तिच्यासाठी घरामागे एक खोली वाढवली. पण जुन्या बॉयलरचे नळ तिथवर पोचेनात. तेव्हा भिंतीतून हवेची नळकांडी न फिरवता, एकाच खोलीपुरता बसणारा हीट पंप घ्यायचे ठरले. त्याने तीन यंत्रांची माहितीपत्रके मला धाडली आणि खाली लिहिले, ‘ताई, आईशी बोलून कोणते घ्यावे ते कळव.’

वर्गात समास सोडवणाऱ्या बाईला यंत्राचा निवाडा करायला सांगणे म्हणजे भटजीला आगगाडी हाकायला लावण्यासारखेच. पण आईचा प्रश्न होता, म्हणून नेटाने बसले. पहिला शोध लागला तो असा की, हे यंत्र परके नाहीच. आपल्या घरातला एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरची उष्णता उचलून खोलीत आणतो. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ सालीच ही कल्पना मांडून ठेवली होती. बाहेर उणे पंधरा असताना तिथे कसली आली उष्णता, असे मलाही वाटले. पण उष्णतेचा खरा तळ उणे २७३ अंशांवर आहे. तेव्हा त्या गोठलेल्या हवेतही पुष्कळ ऊब शिल्लक असते. यंत्रातला वायू तिच्याहूनही थंड करून बाहेर फिरवला की ती ऊब त्याच्यात शिरते.

मला आठवली ती विहिरीवरची मोट. पाणी वर असते तोवर बैल मजेत चालतात; ते खोल गेले की तेवढ्याच पाण्यासाठी त्यांची दमछाक होते. या यंत्राचेही तसेच. हवा नुसती गार असेल, तर एका भागाच्या विजेत ते तीन-साडेतीन भाग ऊब ओढते. उणे पंधराला दोनच्या आसपास. म्हणूनच कडाक्याच्या थंडीसाठी अमेरिकेत वेगळा शिक्का आहे. तो मिळवायचा तर उणे पंधराला यंत्राने विजेच्या किमान पावणेदोन पट ऊब द्यावी लागते, आणि सुमारे आठ अंशांवरच्या आपल्या ताकदीतली किमान सत्तर टक्के टिकवावी लागते.

माहितीपत्रकावर ठळक छापतात तो आकडा मात्र त्या आठ अंशांचा! आपल्याकडचे तारेही असेच. एसीवरचे तारे २४ ते ४३ अंशांची हवा आणि वर्षाचे १६०० तास धरून दिलेले असतात. ते खोटे नसतात. पण तो सबंध वर्षाचा हिशेब झाला. माणसाला यंत्राची खरी गरज लागते ती एखाद्याच वाईट रात्री. पहिल्या यंत्राच्या पत्रकात उणे पंधराचा आकडाच नव्हता. ते तिथेच बाद झाले.

उरली दोन. भावाचा ओढा दीड टनी यंत्राकडे. हा ‘टन’ म्हणजे चोवीस तासांत एक टन बर्फ वितळवणारी उष्णता. गंमत पाहा, १८३३ साली बॉस्टनहून बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला आले, आणि पुढे आमच्या मुंबईलाही येऊ लागले. आता त्याच बर्फाच्या मापाने त्या मुलखातली ऊब मोजायची!

वाढत्या अंगाचा सदरा शिवावा, तसे आपण यंत्रही मोठेच घ्यायला जातो. पण खोलीला वाढते अंग नसते. गरजेहून फार मोठे यंत्र हलक्या थंडीत पुरेसे मंद होऊ शकत नाही. ते बंद-चालू करीत राहते आणि खोली कधी उकडते, कधी गारठते. मी भावाला लिहिले, ‘उणे पंधराला खोलीतून किती ऊब निसटते ते आधी मोजून घे.’ त्याने मोजून घेतले. पाऊण टनाचे यंत्र त्या थंडीतही पुरून उरत होते.

हे सगळे मी आईला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पायाला ऊब लागेल का गं?”

पत्रकात हा रकाना नव्हता. पण उत्तर होते. दीड टनी यंत्र छताजवळ बसणारे; गरम हवा वरच रेंगाळायची. पाऊण टनी भिंतीच्या पायथ्याशी बसणारे, खालच्या तोंडानेही हवा सोडणारे. भावाने तेच घेतले. बाहेरची पेटी साचत्या बर्फाच्या वर राहील अशा उंच घोडीवर बसवली. तिच्यावर हिम धरले की यंत्र काही मिनिटे उलटे चालून ते वितळवते. तेवढा वेळ खोलीत ऊब येत नाही, हेही आईला सांगून ठेवले.

तिकीट डिसेंबरचे आहे. आईच्या गुडघ्यांची काळजी मिटली, आणि मग माझ्या ध्यानात आले की इतके दिवस खपून मी आईला आपल्या घरातून जाण्याची वाट मोकळी करून दिली. ते मी तिला बोलून दाखवले नाही. ती मात्र परवा लोकर विणता विणता म्हणाली, “त्याला कळव, पहिला महिना बाळ माझ्या खोलीत निजेल. खाली ऊब आहे ना!”